फँटसी हॉकीचा संघ निवडताना ताळमेळ पाहावा की वैयक्तिक आकडेवारी?

फँटसी हॉकी म्हणजे खऱ्या आइस हॉकीपटूंचा काल्पनिक संघ निवडून त्यांच्या प्रत्यक्ष सामन्यांतील कामगिरीवर गुण मिळवण्याचा खेळ. त्यात निवड आकडेवारीवरूनच करावी, कारण फँटसी संघातील खेळाडू बर्फावर एकत्र उतरत नाहीत आणि त्यांच्या आपसांतील ताळमेळाला एकही गुण मिळत नाही. मात्र ती आकडेवारी कोणाच्या सोबतीने घडली, हे तपासल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये. एनएचएल या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये एका गोलासाठी जास्तीत जास्त दोन असिस्ट, म्हणजे गोलाआधी पास देणाऱ्यांना मिळणारे श्रेय, दिले जातात. त्यामुळे खऱ्या संघात शेजारी कोण खेळतो, याचा ठसा प्रत्येकाच्या आकड्यांवर उमटतो. एडमंटन ऑयलर्सच्या रायन न्यूजंट-हॉपकिन्सचे उदाहरण मला फार बोलके वाटते. तोवर एका हंगामात गोल आणि असिस्ट मिळून ६९च्या पुढे कधीही न गेलेल्या या खेळाडूने २०२२-२३मध्ये १०४ गुण मिळवले, आणि त्यांतील सुमारे निम्मे पॉवर प्लेमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षा भोगत बाहेर बसलेला असताना, आले. त्या पॉवर प्लेत कॉनर मॅकडेविड आणि लिऑन ड्रायसायटल हे संघाचे सर्वाधिक गुण मिळवणारे दोघे त्याच्या जोडीला होते. पुढच्या हंगामात तो ६७ गुणांवर आला. म्हणून मी आधी पहिल्या पॉवर प्ले तुकडीतील जागा पाहतो, मगच गेल्या वर्षीची बेरीज. एकाच फळीतील, म्हणजे खऱ्या संघात एकत्र बर्फावर उतरणाऱ्या आक्रमकांपैकी, दोघांना घेतल्यास एका गोलाचे दुहेरी गुण मिळू शकतात, परंतु ती फळी थंडावली की दोघेही एकदमच कोरडे राहतात.