शेतातल्या लाकडी खोलीला बाहेरून पट्ट्या मारताना

भाऊ, खोली झकास उभी राहिली. पण कोपऱ्यांना अन् खिडक्यांभोवती पट्ट्या ठोकायची घाई करू नको.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, लाकूड पार वाळतं. पावसाळ्यात तेच ओल पिऊन फुगतं, आणि फुगतं ते रुंदीत. लांबीत फारसं नाही. म्हणून उन्हाळ्यात मारायलास तर भिंतीची फळी जिथं उभ्या पट्टीला भिडते तिथं पट्टीला रुंदीत फुगायला ३ मिमी फट ठेव. कोपऱ्याला ४५ अंशाचा जोड नकोच, दिसतो भारी पण उन्हात तोंड उघडतं. एक पट्टी दुसरीवर सरळ चढव.

खरी गोम खिडकीच्या वरच्या पट्टीत आहे. तिच्या डोक्यावर वाकवलेला पत्रा बसव. मागची कड भिंतीच्या फळीमागं सरकव, पुढची पट्टीच्या बाहेर काढून खाली मोड. पत्रा आणि वरची फळी यांच्यामधल्या फटीत सिलिकॉन भरू नको, आत शिरलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट लागते. मी शहाणपणा करून भरलं होतं. दोन पावसाळ्यांत चौकट कुजली. सुतार काही बोलला नाही, नुसता हसला. तेच जास्त लागलं.

प्रत्येक कापलेल्या टोकाला प्रायमर लाव, लाकूड सगळ्यात जास्त पाणी तिथूनच पितं. स्क्रू स्टेनलेसचे घे. आणि खालची पट्टी जमिनीपासून निदान आठ इंच वर ठेव: काळ्या मातीचे शिंतोडे कमी उडतात, अन् वाळवी चढायला लागली तर वेळेत दिसते.