वाचकांचे प्रश्न : कंपायलरची आवृत्ती आणि आकडेमोडीचा वेग

प्रश्न : दादरच्या आमच्या कार्यालयात इमारतींच्या सांगाड्यांची गणिते सी भाषेतील एका जुन्या प्रोग्रॅमने होतात. तो जीसीसी या कंपायलरच्या (प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाच्या) ११ आणि १२ या आवृत्त्यांनी, दोन्ही वेळा ‘-ओ२’ हा वेग वाढवण्याचा पर्याय देऊन, कंपाइल केला. इंटेलच्या संगणकावर नव्या आवृत्तीने वेळ वाचला. ६४ बिटच्या एआरएम लॅपटॉपवर फारसा फरक पडला नाही. शिवाय दोन्ही यंत्रांच्या उत्तरांतील शेवटचे अंक जुळत नाहीत. विश्वास कशावर ठेवावा?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : पर्याय तोच दिला असला, तरी त्याचा अर्थ दोन्ही आवृत्त्यांत एक नाही. २०२२मध्ये आलेल्या जीसीसी १२पासून ‘-ओ२’ दिल्यावरही काही सोप्या लूप्सचे (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या आज्ञांचे) व्हेक्टरीकरण होते, म्हणजे एकाच आज्ञेत अनेक आकड्यांवर काम होते, जे आधी ‘-ओ३’ या वरच्या पातळीवरच आपोआप होत असे. म्हणून दोन्ही आवृत्त्या ‘-ओ३’वर पुन्हा मोजा; वेळेतील फरक तेव्हा नाहीसा झाला, तर तो मुख्यतः या बदललेल्या अर्थाचा होता असे समजावे.

अंक न जुळण्याचे कारण बहुधा वेगळे आहे. गुणाकार आणि बेरीज एकाच आज्ञेत करून राउंडिंग एकदाच करणारी एफएमए ही सोय ६४ बिट एआरएममध्ये मुळातच असते आणि जीसीसी ती न विचारता वापरतो. इंटेलमध्ये ती २०१३च्या हॅसवेलपासून आली, परंतु त्या यंत्राच्या सर्व सोयी वापरू देणारा ‘-मार्च=नेटिव्ह’सारखा पर्याय दिल्याखेरीज कंपायलर साधारणपणे तिला हात लावत नाही. गुणाकार-बेरजेची ही जोडणी बंद करणारा ‘-एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट=ऑफ’ हा पर्याय देऊन दोन्हीकडे पाहावे. तरीही अंक वेगळे आले, तर गणिती लायब्ररीची आवृत्ती तपासावी, कारण ग्लिबसी या लिनक्सवरील सी लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत, म्हणजे २०१८ साली, घातांक आणि लॉगरिदमची फंक्शन्स नव्याने लिहिली गेली आणि त्यांचा वेगही वाढला.

‘-एफफास्ट-मॅथ’ हा पर्याय मात्र तुमच्या कामात वापरू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. तो बेरजेचा क्रम बदलण्याची मुभा देतो, त्यामुळे वेग वाढतो. पण अनंत किंवा ‘संख्या नाही’ अशी मूल्ये येणारच नाहीत असेही तो गृहीत धरतो, आणि बिघडलेले गणित पकडण्यासाठी लिहिलेली तपासणी कंपायलर काढून टाकू शकतो. इमारतीच्या हिशेबात ही जोखीम परवडणारी नाही.

मोजताना दोन्ही आवृत्त्या आलटून पालटून चालवाव्यात आणि वेळांचा मध्यक घ्यावा. मे महिन्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीत लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, आणि नंतर चालवलेली आवृत्ती विनाकारण मंद ठरते.

सी भाषेतील डबल या संख्याप्रकारात साधारण १५ ते १६ सार्थ अंक मिळतात, त्यामुळे तेराव्या-चौदाव्या अंकातला फरक दोन्ही उत्तरांना बाधत नाही. तोच फरक पाचव्या-सहाव्या अंकापर्यंत चढत असेल, तर कंपायलर बाजूला ठेवून आधी मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर, म्हणजे आकड्यांतील छोटी चूक उत्तरात किती मोठी होऊ शकते याचे माप, काढावा.