५४ ची फ्रेम सवलतीत मिळतेय, घेऊ का?

प्रश्न : माझी उंची १६३ सेंटिमीटर. गिअरची साधी सायकल रोज चालवते. लोणावळ्यापर्यंत जाऊन यायची इच्छा आहे, म्हणून रोड बाईक घेतेय. दुकानात ५४ ची (सेंटिमीटर मापाची) फ्रेम सवलतीत आहे. ‘सीट खाली घेतली की झालं,’ असं दुकानदार म्हणतात. घ्यावी का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : ताई, नका घेऊ. सीट खाली घेऊन पाय पुरतील, पण हँडल जवळ येणार नाही. मोठ्या फ्रेमसोबत बहुतेकदा स्टेम (हँडल फ्रेमच्या पुढच्या भागाला जोडणारा तुकडा) लांब, हँडल रुंद आणि क्रँकही (पायडलचा दांडा) लांब येतो. मग तुम्ही सगळा वेळ पुढे ताणलेल्या. माझ्याकडे फिटिंगला येणाऱ्या कितीतरी जणींची तक्रार एकच असते : तासाभरात करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, मान आखडते. शरीराचा भार तळव्यावर पडून तिथली नस दबते. हातमोजे बदलून हे जात नाही.

आधी घरी माप घ्या. अनवाणी, भिंतीला पाठ टेकून, पायांत वीतभर अंतर ठेवून उभ्या राहा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक पायांमध्ये धरून, सीटवर बसल्यावर येतो तेवढा दाब येईपर्यंत वर ओढा. पुस्तकाची कड भिंतीला नीट टेकलेली हवी, तिरकी झाली की माप चुकतं. वरच्या कडेपाशी पेन्सिलीने खूण करा आणि तिथून जमिनीपर्यंत मोजा. समजा ७५ सेंटिमीटर भरलं. त्याला ०.८८३ ने गुणलं की सुमारे ६६. क्रँकच्या मध्यापासून, म्हणजे क्रँक ज्याभोवती फिरतो त्या आसापासून, सीटच्या माथ्यापर्यंत एवढी उंची ठेवून सुरुवात करा. ०.६७ ने गुणलं की ५० च्या आसपासची फ्रेम निघते. हा हिशेब आडव्या दांड्याच्या जुन्या फ्रेमचा आहे. आता दांडे उतरते असतात आणि एका कंपनीची ५२ दुसरीच्या ५४ एवढी निघू शकते. म्हणून आकड्यावर न जाता कंपनीच्या तक्त्यात ‘रीच’ आणि ‘स्टॅक’ बघा : क्रँकच्या मध्यापासून पुढच्या हेड ट्यूबचं (हँडलखालच्या उभ्या नळीचं) वरचं टोक किती पुढे आणि किती उंच आहे, ते त्यात कळतं. दोन मापांच्या मधोमध असाल, तर धड आखूड असणारीने लहान घ्यावी.

दुकानात सीट तुमच्या उंचीला लावून घ्या आणि चालवून बघा. ब्रेकच्या रबरी हुडवर हात ठेवल्यावर कोपरं किंचित वाकलेली हवीत. पायडल मारताना तळवे क्षणभर उचलून बघा. पुढे कोसळायला होत असेल, तर हँडल तुमच्यापासून लांब आहे. हे लपवायला सीट पुढे सरकवू देऊ नका, त्याने गुडघे दुखावतात. लहान फ्रेमवर सावकाश वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासू शकतं. त्याने घाबरू नका, वेगात हँडल तेवढं वळत नाही.

पैसे देण्यापूर्वी स्टेमची लांबी आणि हँडलची रुंदी बदलून मागा. हँडल खांद्यांच्या रुंदीएवढं पुरतं, तुम्हाला बहुधा ३८ किंवा ४० सेंटिमीटर. स्टेम नंतरही सहज बदलता येतो, पण हँडल बदलायचं तर टेप आणि ब्रेकचे लिव्हर उतरवावे लागतात, त्याची मजुरी वेगळी. ब्रेकचा लिव्हर बोटांना लांब वाटला, तर बहुतेकांना तो जवळ आणायचा स्क्रू असतो. तेवढं मेकॅनिककडून तिथेच करून घ्या.