'आढळला नाही' की 'आढळत नाही'?

प्रश्न असा आला आहे: एखादी प्रजाती कुठे राहत असेल याचे नकाशे संगणकी प्रारूपं वापरून काढतात. त्यांतल्या 'प्रेझेन्स' आणि 'ॲब्सेन्स' नोंदींना 'उपस्थिती-अनुपस्थिती' म्हणावं का? आणि 'सूडो-ॲब्सेन्स'ला 'छद्म अनुपस्थिती' चालेल का?

प्रेझेन्सचं उत्तर सोपं आहे: आढळ. पक्ष्यांवरच्या मराठी पुस्तकांत तो शब्द रुळलेलाच आहे. 'उपस्थिती' म्हटलं की मागोमाग मान्यवर येतात. बिबट्या उसाच्या फडात उपस्थित राहत नाही, तो तिथे असतो.

अडचण आहे ती ॲब्सेन्सची. अनुपस्थित किंवा गैरहजर तोच, ज्याचं नाव पटावर आहे. जिथे ती प्रजाती कधी नव्हतीच, तिथे ती गैरहजर कशी असेल? इथे नामापेक्षा आपलं क्रियापद जास्त कामाचं आहे. 'तिथे रानपिंगळा आढळला नाही' हे त्या दिवशीच्या शोधाबद्दलचं विधान झालं. 'आढळत नाही' हे पक्ष्याबद्दलचं. आणि 'नोंद नाही' हे निव्वळ आपल्या वहीबद्दलचं. कदाचित तिकडे कोणी फिरकलंही नसेल. तक्त्यात मात्र या तिन्हींच्या जागी पुष्कळदा एकच शून्य बसतं.

रानपिंगळ्याचं नाव उगाच घेतलेलं नाही. १८७३ मध्ये ब्रिटिश पक्षितज्ज्ञ ह्यूमने या घुबडाचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. १८८४ मध्ये डेव्हिडसनने खानदेशात त्याचे नमुने घेतले आणि त्यानंतर ११३ वर्षं खात्रीची नोंद नाही. १९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ दिसला, म्हणजे त्याच खानदेशात. मधली सगळी वर्षं 'आढळला नाही' हे खरं होतं, 'आढळत नाही' हे खोटं. पुढे २०१४ मध्ये तो तानशाच्या अभयारण्यातही दिसला, मुंबईला पाणी देणाऱ्या तलावाच्या परिसरात.

आढळही खोटा असू शकतो, हेही याच पक्ष्याने दाखवलं. मध्यंतरीची एक नोंद होती: १९१४, गुजरातेतलं मांडवी, नमुना मिळवणारा कर्नल माइनर्त्सहागन. तो नमुना डेव्हिडसनचाच निघाला, संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, नवी चिठ्ठी लावलेला! प्रारूपाला हे कळत नाही. मांडवीचा बिंदू दिला की ते तिथलं पाऊसपाणी आणि झाडोरा इमानदारीत शिकतं.

न दिसण्याचं मोल किती, हे शोधावर ठरतं. पक्षी तिथे असताना एका फेरीत दिसण्याची शक्यता ३० टक्के धरू. तीन स्वतंत्र फेऱ्यांत एकदाही न दिसण्याची शक्यता ०.७ गुणिले ०.७ गुणिले ०.७, म्हणजे सुमारे ३४ टक्के उरते. दहा फेऱ्यांनंतर ती ३ टक्क्यांच्या आत येते. म्हणून एकाच जागी पुन्हा पुन्हा जाऊन, 'असणं' आणि 'दिसणं' यांची शक्यता वेगवेगळी काढणारी प्रारूपं आली. ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना 'ओळखू आलेले सगळे पक्षी नोंदवलेत का?' असं विचारतात, तेही याचसाठी. 'हो' म्हटलंत, तर यादीत नसलेला पक्षी तुम्हाला 'आढळला नाही' असं धरता येतं. फक्त आवडते चार पक्षी टाकलेत, तर बाकीच्यांबद्दल काहीच कळत नाही.

आपल्या दर्शनांत या मुद्द्याचा कीस काढलेला आहे. भाट्ट मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी 'अनुपलब्धी', म्हणजे न दिसणं, हे ज्ञानाचं स्वतंत्र साधन (प्रमाण) मानलं, पण अट घालून: ती 'योग्य' हवी. घडा असता तर दिसलाच असता, आणि दिसला नाही, म्हणून नाही. अंधारात दिसला नाही, तर त्यावरून काही सिद्ध होत नाही. माझ्या मते प्रारूपवाल्यांचा खरा 'ॲब्सेन्स' म्हणजे योग्यानुपलब्धीवरून ठरवलेला 'अभाव'. लेखात 'अभाव' बिनधास्त वापरा. 'अनुपलब्ध' मात्र टाळा. तो शब्द आता औषधाच्या दुकानाने आणि रेल्वेच्या तिकिटांनी घेतला आहे.

आता सूडो-ॲब्सेन्स. शोध घेतल्याच्या नोंदी नसतात, तेव्हा संगणक नकाशावर काही बिंदू टाकतो आणि 'इथे ती नाही' असं धरून चालतो. 'छद्म' शब्दात फसवणुकीचा आरोप आहे आणि इथे तर सगळं सांगून-सवरून चाललेलं असतं. सोसायटीच्या 'मानीव अभिहस्तांतरणा'साठी खेटे घातलेल्यांना नेमका शब्द ठाऊक आहे: 'मानीव', म्हणजे तसं आहे असं धरलेलं. तेव्हा 'मानीव अभाव' म्हणा. कायद्याच्या मराठीने दिलेल्या मोजक्या सुबक शब्दांपैकी हा एक.

मॅक्सएंट हीही असे नकाशे काढण्याची एक पद्धत. तिच्यासारख्या पद्धतीतले बिंदू यात गोवू नका. तिथे केवळ आढळ हाताशी असतो आणि नकाशावरून उचललेले हजारो बिंदू 'या प्रदेशात एकूण कसकशी परिस्थिती आहे' एवढंच सांगतात. त्यांतला एखादा थेट रानपिंगळ्याच्या झाडावर पडला तरी हरकत नसते. त्यांना 'पार्श्वभूमीचे बिंदू' म्हणावं.

तक्त्याच्या मथळ्यांबद्दलही विचारलंय. 'आढळला', 'आढळला नाही', 'पाहणी नाही' असे तीन रकाने करा. 'अनाढळ' असा नवा शब्द कुणी सुचवला, तर तो कोणत्या रकान्यासाठी, हे आधी विचारा.