स्वयंपाकातल्या पांढऱ्या व्हिनेगरचा घरात आणखी काय उपयोग होतो?

आमच्या नागपुरात सगळ्यात मोठा उपयोग म्हणजे क्षार काढणे. बोअरच्या पाण्याने नळाच्या तोंडाशी पांढरा, खरखरीत थर चढतो. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं नळाला गुंडाळून रबरबँड लावा, अर्ध्या तासाने जुन्या टूथब्रशने घासा. पापुद्रे सुटून येतात. त्यातलं ४-५ टक्के अ‍ॅसिटिक आम्ल क्षार विरघळवतं. पाऊस लागला की कुलर आवरताना पंपाची जाळीही मी अशीच भिजवते. प्लास्टिकच्या डब्यांचा वासही कमी होतो.

पण कडप्प्याच्या ओट्यावर सांडू देऊ नका. तो चुनखडीचाच दगड, डाग कायमचा बसतो. आणि ब्लीचमध्ये तर कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.