कॅल 40 की वेस्टसेल 32? एका तरुण मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या अलमेडाला बोटीवरच राहायचे, शुक्रवारी संध्याकाळी शर्यतीत उतरायचे आणि दोन-तीन वर्षांनी मेक्सिकोकडे निघायचे, ही तिन्ही कामे तुला एकाच जुन्या फायबरग्लासच्या बोटीकडून करून घ्यायची आहेत. त्यासाठी एक कॅल 40 आणि एक वेस्टसेल 32 समोर ठेवून तू तक्ते भरत बसला आहेस. बंकांची (झोपायच्या फळ्यांची) लांबी, पाण्याच्या टाक्या, ओटा, फ्रिज, सगळे त्यात आहे. मंद वाऱ्यात कोणती बोट किती चालते याला मात्र रकानाच नाही. मी तुला तेवढेच सांगणार आहे, आणि तू कंटाळशील इतक्या वेळा सांगणार आहे : शिडाची बोट शिडावर चालली पाहिजे.

दोन्ही बोटी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसाच्याच. कॅल 40 ही बिल लॅपवर्थने आखली आणि 1963 पासून जेन्सन मरीनने बांधली. लांबी 39 फूट 4 इंच, वजन सुमारे 15,000 पौंड. समुद्रात जाणाऱ्या बोटींचे सुकाणू कण्याच्या, म्हणजे तळाखालच्या जड पात्याच्या (कीलच्या), मागच्या कडेलाच जोडण्याची तेव्हा रीत होती. लॅपवर्थने कणा आखूड केला आणि सुकाणू सुटे करून पार मागे नेले, त्यामुळे मागून वारा आला की ही हलकी बोट लाटांवरून घसरत धावू लागली. जाणत्यांनी नाके मुरडली. मग 1965, 1967 आणि 1969 अशा लागोपाठ तीन ट्रान्सपॅक शर्यती, म्हणजे लॉस एंजेलिस ते होनोलुलू, कॅल 40 बोटींनी मारल्या. 1966 ची बर्म्युडा शर्यत जिंकणारी ‘थंडरबर्ड’ कॅल 40 होती आणि 2022 ची जिंकणारी ‘इल्युजन’ही कॅल 40च.

वेस्टसेल 32 तिच्याहून सात फुटांनी आखूड, तरी साडेचार हजार पौंडांनी जड. नॉर्वेच्या बचाव-नौकांच्या वंशातली, दोन्ही टोकांना निमुळती, लांब कण्याची. तिच्या भक्कमपणाबद्दल मी वाद घालणार नाही. 1991 च्या ऑक्टोबरातल्या वादळात तटरक्षक दलाने ‘सतोरी’वरची माणसे उतरवून घेतली, ती वेस्टसेल पुढे एकटीच वाहत जाऊन मेरीलँडच्या किनाऱ्याला शाबूत लागली.

पण म्हणून तू अभिलाष टॉमींचा दाखला देतोस, तेव्हा माझा संयम सुटतो. एकट्याने, न थांबता जगप्रदक्षिणा करायच्या 2022 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत ते रस्टलर 36 ही बोट घेऊन दुसरे आले, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. मात्र त्या शर्यतीचा नियमच 32 ते 36 फुटांची, 1988 पूर्वीच्या आराखड्याची, लांब कण्याची बोट मागतो. तू दक्षिण महासागरात चाललेला नाहीस. तू ओकलंडच्या एस्चुरीत, अलमेडालगतच्या चिंचोळ्या खाडीत, चालला आहेस.

उन्हाळ्यातल्या दुपारी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत वीस-पंचवीस नॉटचा वारा असतो आणि त्यात वेस्टसेलही छान चालते, हे तू मला ऐकवशील. मान्य. पण संध्याकाळी वारा पडतो, हिवाळ्यात तो आठवडाभर तोंड दाखवत नाही, आणि मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याने खाली उतरताना बहुतेक वेळा मागून हलका वाराच मिळतो. अशा वेळी जड बोटीचा मालक निमूटपणे डिझेल इंजिन सुरू करतो. शर्यतीत वेस्टसेलला कॅल 40 च्या तुलनेत दर सागरी मैलामागे दीड मिनिटाहून अधिक वेळेची सवलत मिळते, ती कागदावर पुरेशी वाटते. परंतु ओहोटी समोरून वाहत असताना संथ बोट जागच्या जागी उभी राहते आणि मग कोणत्याही सवलतीने निशाणाचा बोया जवळ येत नाही. बोट चालली पाहिजे, बाबा.

राहण्यासाठी वेस्टसेल सरस आहे, हे मी कॅल 40 वर राहिलेला माणूस म्हणून लिहितो. तिच्यात कपाटे आहेत, सामान पोटात घेण्याची ताकद आहे. कॅल 40 चा तळ उथळ, त्यामुळे आत आलेले थोडे पाणीसुद्धा बोट कलली की बंकाखालच्या खणांत चढते. माझ्या गाद्यांना वर्षानुवर्षे ओलसर वास होता आणि घरच्यांनी मला वेड्यात काढले होते. त्या बोटीने हवाईला जाणे सहज शक्य होते, आणि मी गेलो नाही. आधी नोकरी, मग मुलीची शाळा, मग गुडघे. ती खंत आहे आणि राहील. पण मी दर आठवड्याला शीड उभारत होतो, तासाभराची सवड मिळाली तरी उभारत होतो, कारण ती बोट तासाभरातही काही देत होती. आमच्या धक्क्यावर जगप्रदक्षिणेची सामग्री भरलेल्या भक्कम बोटी होत्या. त्यांचे दोर सुटलेले मी क्वचितच पाहिले. तेव्हा गाद्यांवरून मला कोणी काही शिकवू नये.

आता कामाचे. कॅल 40 च्या डोलकाठीखाली तळाशी पोलादी तुळई असते. फळी उचलून तिला स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा, गंजाचे पापुद्रे सुटले तर तेवढी किंमत पाड. डेकवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने वीतभर अंतरावर ठोकत जा. जिथे आवाज बद्द येईल तिथे आतले लाकूड कुजले आहे. वेस्टसेलच्या चेनप्लेट, म्हणजे डोलकाठीचे ताण-दोर अडकवायच्या पट्ट्या, बोटीच्या अंगाला बाहेरून बोल्टने बसवलेल्या असतात, हा मोठाच गुण. मात्र कितीतरी वेस्टसेल कारखान्याने अर्धवट विकल्या आणि मालकांनी अंगणात पुऱ्या केल्या, म्हणून तिथे सुतारकाम आणि वायरिंग आधी बघ. आणि या खाडीत मरीनातल्या साधारण दहा टक्के जागांवरच राहण्याची परवानगी देता येते, तेव्हा ती लेखी हाती आल्याशिवाय कोणत्याही बोटीचा इसार देऊ नकोस.

दोन्ही बोटींची चाचणी सकाळी नऊला माग, वारा जेमतेम पाच नॉट असताना. दलाल दुपारची वेळ सुचवेल, ऐकू नकोस. इंजिन बंद करायला लाव आणि सुकाणू स्वतः धर. बोट तपासणाऱ्या सर्व्हेअरची तारीख ठरली की कळव, मी येईन.

तुझा,
काका