पोर्टिंग केलेल्या यामाहा आरएक्स १०० ला कितीचा मेन जेट घालावा? ट्यूनिंग घरी शिकता येतं का?

शिकता येतं, आणि घरीच शिका. जेटचा, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकाचा, नंबर मात्र मी देणार नाही. पोर्टिंग (सिलिंडरमधल्या हवेच्या वाटा मोठ्या करणं) किती केलंय, सायलेन्सर कुठला, फिल्टर कसा, यावर तो ठरतो.

‘कार्बोरेटर कानानं लागतो’ म्हणणारे सोलापुरात गल्लोगल्ली आहेत. आमचे दाजी त्यातलेच. त्यांनी पोर्टिंग केलं, एक्स्पान्शन चेंबर (फुगीर रेसिंग सायलेन्सर) बसवला आणि मेन जेट कंपनीचाच ठेवला. मे महिन्यातल्या दुपारी गॅरेजच्या दारात, उभ्या गाडीचा एअर स्क्रू (कमी रेसला हवा कमी-जास्त करणारा) फिरवून ट्यूनिंग झालं. मी तेव्हाच म्हटलं, दाजी, या स्क्रूचं काम फार तर पाव थ्रॉटलपर्यंत, फुल रेसला मेन जेटच लागतो. ते म्हणाले, "आवाज ऐक की, किती गोड आहे."

जानेवारीत, गड्डा यात्रेच्या दिवसांत, पहाटे तुळजापूर रोडला फुल रेसमध्ये गाडी सीझ झाली, पिस्टन अडकला. थंड हवा दाट असते, तिला पेट्रोल जास्त लागतं. मेमध्ये कसंबसं पुरलेलं पेट्रोल तिथं कमी पडलं. प्लग पांढराफटक निघाला, म्हणजे पेट्रोल कमी. पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूनं घासलेला, पण खाली रॉडचं बेअरिंग तेलानं ओलं. तरी दाजी आजही म्हणतात, ऑइल कमी पडलं. मग बेअरिंग ओलं कसं राहिलं?

म्हणून आधी प्लग, मग कान. मोठ्या जेटपासून सुरुवात करा. वरच्या रेसला गाडी अडखळेल, मग एकेक नंबर खाली या. रेसच्या मुठीवर टेप लावून पाव, अर्धा, पूर्ण अशा खुणा करा. मधल्या रेसला दम नसेल तर नीडलची (कार्बोरेटरमधल्या सुईची) क्लिप बघा: क्लिप एक खाच खाली घेतली की नीडल वर उचलली जाते, पेट्रोल वाढतं. मग मोकळ्या रस्त्यावर फुल थ्रॉटल, क्लच दाबून इंजिन तिथंच बंद, आणि प्लग काढून बघा. बिस्किटासारखा रंग हवा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर काय कशामुळं झालं ते कधीच कळत नाही.

अरे हो, या सगळ्याआधी कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधलं रबर चिरलंय का बघा. तिथून हवा ओढत असेल तर जेट बदलणं फुकट.

हे टू-स्ट्रोकचं झालं. बऱ्याच फोर-स्ट्रोक गाड्यांत इंजिनकडचा स्क्रू पेट्रोलचा असतो आणि एअर स्क्रूच्या उलटा चालतो. आणि आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलवर मिश्रण आणखी पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) पडतं, त्यामुळं कुणी जुना नंबर सांगितला तरी त्याच्या वरच्या जेटपासूनच सुरू करा.